झेंडूच्या माळेआडून काढलेला फोटो

माझ्या नोकरीतली बहुतेक प्रकरणं फायलीत बांधली गेली आणि रेकॉर्डच्या खोलीत जाऊन पडली. एक मात्र माझ्याबरोबर घरी आलं. कपाटात साड्यांच्या खाली एक फोटो आहे. आवराआवर करताना तो हाताला लागला की ते आठ दिवस जसेच्या तसे डोळ्यांपुढे येतात. फोटो कुणाचा ते शेवटी सांगते. आधीच सांगितलं तर तुम्ही पुढचं वाचणार नाही.

मी शिपाई म्हणून भरती झाले आणि खात्याच्या परीक्षा देत देत फौजदार झाले. शिक्षण म्हणाल तर ठाण्याच्या टेबलावरच झालं. तेव्हा मी नाशिक शहराच्या कडेच्या एका ठाण्यात होते. रोलचे कॅमेरे नुकतेच मागे पडले होते आणि लग्नातले फोटो सीडीवर मिळायला लागले होते, तो काळ. लग्नसराईत आमच्या हद्दीतल्या लॉन्सवर रोज दोन-दोन लग्नं. चपला, मोबाईल, पाकिटं यांच्या तक्रारींनी स्टेशन डायरी भरून जायची.

त्यातच एका सकाळी नवरीचे काका आले. दिंडोरीकडचे द्राक्षबागायतदार, आवाज खणखणीत. परवाच्या लग्नात पुतणीची मोहनमाळ गेली होती. आजीपासून चालत आलेली. नवरीच्या खोलीतल्या आरशापुढच्या टेबलावरून गेली, एवढंच त्यांना माहीत.

"खोलीत कोण कोण होतं?"

"घरच्याच बायका. बाहेरची एकच, फोटोवाली पोरगी. अन् हा घ्या पुरावा." त्यांनी एक फोटो टेबलावर आपटला.

नवरी आरशासमोर बसलेली. इतक्या जवळून काढलेला की नथीचे मोती मोजून घ्यावेत. शेजारी टेबलावर मोहनमाळ स्वच्छ दिसत होती. खालच्या कोपऱ्यात कसला तरी केशरी पुसट डाग होता, तेवढाच काय तो दोष.

"ती म्हणते मी खोलीत पाऊलच टाकलं नाय. मग हा फोटो काय भिंतीनं काढला?"

मलाही ते पटलं. गुन्हा दाखल केला आणि फोटो स्टुडिओच्या मालकाचा जबाब घेतला. तो म्हणाला, "मॅडम, मी स्टेजवर होतो. ती कुठं होती मला काय ठाऊक? जवळ जाऊन काढ म्हटलं की ही लांब जाऊन उभी राहते. सवयच आहे तिची." हे वाक्य मी माझ्या हातानं लिहून घेतलं आणि त्याचा काडीइतका विचार केला नाही.

दुसऱ्या दिवशी खबर आली. मेन रोडवरच्या एका कॅमेऱ्याच्या दुकानदाराचा फोन. "मॅडम, तुम्ही ज्या मुलीची चौकशी करताय ना, ती काल माझ्याकडे आली होती. लेन्स बदलायचा मोठा कॅमेरा बघत होती. दोन तास बसली."

माळ गेली आणि लगेच महागडा कॅमेरा! आमचे जुने हवालदार मिशीवर हात फिरवत म्हणाले, "बाईसाहेब, केस सुटली. चहा सांगू?"

मुलगी निरोप मिळताच स्वतःहून आली. पेठकडच्या डोंगरातल्या पाड्यावरची, वय सत्तावीस-अठ्ठावीस. शहरात खोली करून राहत होती. खांद्याला रेक्झिनची बॅग, बॅगेत कॅमेरा. मी महिला शिपायाला शेजारी बसवलं आणि सुरुवात केली.

"दुकानात कॅमेरा घ्यायला गेली होतीस?"

"बघायला गेले होते."

"दोन तास?"

"दोनातला एक निवडायचा म्हटल्यावर दोन तास कमीच की, मॅडम."

महिला शिपाई फस्सकन हसली. मी तिच्याकडे डोळे वटारले.

मग त्या मुलीनं जे सांगितलं ते मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. स्टुडिओवाल्यानं तिला बजावलं होतं, पुढच्या हंगामाला लेन्सवाला कॅमेरा आणलास तर ये, नाहीतर येऊ नकोस. तिच्याकडे होता तो एकसंध कॅमेरा, लेन्स अंगालाच जोडलेली, पण लांबचं बारापट जवळ आणणारा. आकारानं छोटा. लग्नघरचे हसायचे, "फोटोग्राफरच्या हातात हे खेळणं?"

"मग घ्यायचा मोठा. अडचण काय?" मी विचारलं.

"त्याचे फोटो चांगलेच येतात, खोटं कशाला बोलू? संध्याकाळच्या रिसेप्शनला माझ्या फोटोत दाणे दाणे दिसतात, त्याच्यात नाय. पण लांबचं काढायचं तर त्याला दुसरी लेन्स लागते. ती पाहिजे तेव्हा बदलावी लागते. बदलायला काढली की कॅमेरा आतून उघडा पडतो. लग्नात काय कमी उडतं का? अक्षता, हळद, धूळ. एक कण आत बसला की पुढच्या सगळ्या फोटोंत त्याच जागी डाग. आणि मी लेन्स बदलेपर्यंत अंतरपाट खाली आला तर? भटजींना म्हणू का, परत धरा?"

"मग ठरलं काय?"

"नाय ठरलं. त्यांनी दोन्ही हातात दिले. एकदा हा घ्यावा वाटायचा, एकदा आपला हाय तोच बरा वाटायचा. तशीच परत आले." आणि मी न मागता तिनं पोस्टाचं पासबुक टेबलावर ठेवलं. चार हंगामांची बचत, माळ गेली त्या लग्नाच्या आधीपासूनची.

इथं मी जरा थांबले. चोरीचा पैसा खर्च करणारे मी खूप पाहिले आहेत. तो माणूस दुकानात जातो, काचेवर बोट ठेवतो आणि म्हणतो, "तो द्या." पिशवीत घालून निघतो. तो दोन तास बसत नाही, अंतरपाटाची काळजी करत नाही. घासाघीस, तुलना, परत घरी जाऊन विचार करणं, हे सगळं कष्टाच्या पैशाचं लक्षण.

पण हे पंचनाम्यात लिहिता येत नाही. आणि समोर तो फोटो होता.

"खोलीत गेली नव्हतीस, तर हा फोटो कुठून काढलास?"

"मांडवाच्या खांबापासून. दार उघडं होतं. जवळ गेलं की नवरी तोंड कसनुसं करते, मॅडम. लांबून काढलं की ती आपल्यातच असते."

हवालदार म्हणाले, "बाईसाहेब, हे म्हणजे दिंडोरीत उभं राहून पंचवटीतल्या बाईच्या नथीचे मोती मोजल्यासारखं झालं!"

सगळे हसले. ती हसली नाही. खाली बघत म्हणाली, "स्टुडिओवाल्यांनी तर कालच काम बंद केलं माझं. त्याचं काय एवढं नाय. पण आमच्या पाड्यावरच्या दोन पोरी माझं बघून शहरात शिकायला यायच्या म्हणतात. फोटोवाली चोर निघाली असं गावात गेलं, की त्यांना कोण पाठवील?"

मी उठले. म्हटलं, बोलण्यानं काय होतंय, करूनच बघू. तिला महिला शिपायाबरोबर रस्त्यापलीकडच्या रसवंतीपाशी पाठवलं आणि मी ठाण्याच्या पायरीवर उभी राहिले. मधे अख्खा रस्ता, टेम्पो, टांगे, ट्रॅक्टर. ती मला धड दिसतही नव्हती. पाच मिनिटांत दोघी परत आल्या. तिनं कॅमेऱ्याचा छोटा पडदा माझ्यापुढे धरला. माझ्या छातीवरच्या पाटीवरचं नाव अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. मी तेवढंच बघितलं. हवालदारांनी चष्मा लावून बघितलं आणि चहा सांगायचा विषय परत काढला नाही.

मग मी काकांचा फोटो पुन्हा हातात घेतला. कोपऱ्यातला तो केशरी डाग. काकांनी सांगितलं होतं, कुणाच्या तरी शालूचा काठ आहे. तिला विचारलं.

"माळ हाय ती, मॅडम. खांबाची, झेंडूची. सारखी पुढ्यात येत होती, सारायला हात रिकामा नव्हता."

दुसऱ्या दिवशी दोन पंच घेऊन आम्ही लॉन्सवर गेलो. त्याच मांडववाल्याचे खांब पुढच्या लग्नासाठी उभे होते, माळा तशाच सोडलेल्या. नवरीच्या खोलीत झेंडूचं एक फूल नव्हतं. तिथं महिला शिपायाला आरशासमोर बसवलं. मुलगी खांबामागे उभी राहिली आणि फोटो काढला. जवळून काढल्यासारखा चेहरा आणि खालच्या कोपऱ्यात तोच केशरी डाग. अंतर टेपनं मोजलं आणि पंचनाम्यात लिहिलं. स्टुडिओवाल्याला त्याचा मोठा कॅमेरा घेऊन बोलावलं होतं. त्याच खांबापासून त्यानं नेहमीच्या लेन्सनं काढलं, तर त्यात अर्धा मांडव आला आणि आमची शिपाई मुंगीएवढी. तो खजील होऊन म्हणाला, "लांबची लेन्स आणलेली नाही, मॅडम." तेव्हा मला त्याचं जबाबातलं वाक्य आठवलं. जवळ जा म्हटलं की ही लांब जाऊन उभी राहते. उत्तर माझ्याच अक्षरात पहिल्या दिवसापासून फायलीत पडलं होतं.

ती खोलीत नव्हती हे झालं. पण माळ कुठं गेली?

"त्या वेळी एकच फोटो काढलास का?"

"तीन काढले लागोपाठ. दोन वाया गेले म्हणून सरांनी गाळले."

गाळलेले फोटो स्टुडिओच्या संगणकात होते. तिसऱ्यात नवरीचं तोंड वळलेलं, म्हणून वाया. पण टेबलावरची माळ एका म्हाताऱ्या हातात होती आणि दुसऱ्या हातात स्टीलच्या डब्याचं झाकण. संगणकावर मोठं केलं तसं मनगटावरचं गोंदण दिसलं, तुळशीवृंदावनाचं.

लग्नाचे बाकीचे फोटो चाळले, तेव्हा कळलं की गोंदण नवरीच्या आत्याबाईंचं होतं. कमी वयात विधवा झालेल्या, भावाच्याच घरी आयुष्य काढलेल्या. काका म्हणजे त्यांचे धाकटे भाऊ. मी खाकी न घालता साध्या साडीत गेले, भाऊ बागेत असताना. त्या ओट्यावर लसूण सोलत होत्या. मी शेजारी बसले, चार पाकळ्या सोलल्या आणि म्हटलं, "आत्याबाई, डबा कशाचा होता?"

त्यांनी हातातला लसूण सुपात ठेवला. डोळे भरले.

"कुरड्यांचा, बाई. रुखवतातला. लग्नात पोरीच्या अंगावर सासरचे दागिने घालत्यात, तवा हिचे काढून ठिवले. माळ तशीच टेबलावर. म्हटलं, रुखवताच्या डब्याला कोण हात लावतंय? त्यात ठिवावी अन् वहिनीला सांगावं. मंग पाठवणी झाली, रडारड झाली, डबा गेला देवळ्याला पोरीच्या सासरी. मी इसरले."

"कधी आठवलं?"

"तिसऱ्या दिशी दुपारी. पर तवर भाऊ ठाण्यात जाऊन आला व्हता. लय तापट हाय तो. म्हणला असता, माझं खाऊन माझीच अब्रू घालवलीस. अन् त्या पोरीचं कानावर आलं तवापासून घास गिळंना मला. रोज म्हणायचे, आज सांगते. धीर नाय झाला."

मला त्या बाईचा राग आला नाही. दुसऱ्याच्या घरात आयुष्य काढलेल्या माणसाला साधं 'मी विसरले' म्हणणंही किती जड जातं, ते मला ठाऊक होतं.

देवळ्याला माणूस पाठवला. नवऱ्या मुलाच्या आईनं डबा उघडला. कुरड्या सहा महिने टिकतात, त्यामुळे कुणी झाकणही काढलं नव्हतं. चार थर काढल्यावर तळाशी माळ निघाली, रुमालात गुंडाळलेली. गैरसमजातून फिर्याद, म्हणून कोर्टात 'सी' समरी, म्हणजे प्रकरण बंद करायचा अहवाल, पाठवली आणि माळ कोर्टाच्या परवानगीनं घरच्यांना दिली.

काकांना ठाण्यात बोलावलं. मुलगी बाकावर बसली होती. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "चूक झाली, मॅडम."

"माझ्याकडे बघून नको."

त्यांनी टोपी काढून हातात घेतली. मग वळले आणि म्हणाले, "ताई, चुकलं माझं." आत्याबाईंना एक शब्द बोललात तर मी परत घरी येईन, हेही मी त्यांना सांगून ठेवलं. हे कायद्यात बसतं की नाही, विचारू नका.

स्टुडिओवाल्यानं तिला परत बोलावलं. ती गेली नाही. स्वतःचा तोच छोटा कॅमेरा घेऊन कामं घ्यायला लागली. दिवसाची लग्नं, बारशी, बागांचे फोटो. रात्रीच्या रिसेप्शनला स्पष्ट सांगायची, "माझ्या कॅमेऱ्याचं हे काम नाय, दुसरा बघा." पाड्यावरच्या त्या दोघी वर्षभरात तिच्याकडे आल्या. पुढे आमच्या ठाण्याला घटनास्थळासाठी कॅमेरा घ्यायचा ठरला, तेव्हा साहेबांना मोठाच हवा होता, दिसायला भारदस्त म्हणून. मी लिहून दिलं, धुळीत उभं राहून, एका हातात टॉर्च धरून जो चालवता येईल तो घ्या. तसाच आला.

आणि कपाटातला फोटो? समरी गेल्यावर ती पेढे घेऊन आली आणि तिनं एक पाकीट दिलं. रसवंतीपासून काढलेला माझा फोटो. म्हणाली, "बघा, पाटी कसली स्वच्छ आलीय!"

त्या दिवशी मी फक्त पाटी बघितली होती. घरी गेल्यावर चेहरा बघितला. मला वाटत होतं, मी पायरीवर अगदी शांत, सरळ उभी आहे, मनातलं काही दिसू देत नाही. फोटोत भुवया आवळलेल्या, ओठ घट्ट मिटलेले, हनुवटी वर. रस्त्यापलीकडच्या एका निरपराध मुलीकडे मी चोराकडे बघतात तसं बघत होते. तिला ते पहिल्या क्षणापासून दिसलं असणार, बारापट जवळून. एका शब्दानं बोलली नाही.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत, कुणाचा जबाब घ्यायला बसण्याआधी मी वायरलेसच्या खोलीतल्या आरशापुढे घडीभर उभी राहायची. हवालदारांना वाटायचं, बाईसाहेब टोपी नीट करतायत.