एक किलो एकशे ऐंशी ग्रॅम

बुधवार, १२ मार्च. साडेआठला पाणी आलं, दाब कमी. मुलगा नऊला कामावर गेला. दहाला सुनेबरोबर बाजारात. तिसऱ्या दुकानात लॅपटॉप घेतला. वजन एक किलो एकशे ऐंशी ग्रॅम, चार्जर वेगळा, दोनशे दहा. स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यामागे ठेवला आहे. सून शुक्रवारी अकराला धाकट्या बहिणीबरोबर जाणार. तिच्या मनगटाची सूज थोडी उतरली.

ही नोंद मी शाईने लिहिली आणि वही नेहमीच्या जागी, फ्रिजवर ठेवली. पुढे जे झालं ते या नोंदीमुळे झालं, म्हणून ती आधी दिली. पण मला सांगायचं आहे ते माझ्या सुनेबद्दल.

ती सात वर्षांपूर्वी आमच्या घरी आली तेव्हा दोन बॅगा घेऊन आली. एकीत कपडे होते, दुसरीत वायरी, बारीक पेचकस आणि एक उघडलेला कॉम्प्युटर. निघालेला एकही स्क्रू ती टाकत नसे. चहापत्तीच्या रिकाम्या डब्यात जमवत असे. ते पाहून तिच्या सासऱ्यांनी पहिल्याच आठवड्यात तिचं नाव खारूताई ठेवलं. तिची आई कपडे शिवून घर चालवायची. रक्तपेढ्यांमध्ये कुठल्या गटाचं किती रक्त शिल्लक आहे हे रुग्णालयांना कळवणारा एक प्रोग्रॅम आहे, तो सांभाळणाऱ्या पाचजणांत ही एक. निजायच्या खोलीतल्या टेबलावर बसून काम करायची. मी एकदा विचारलं, हे प्रोग्रॅमिंग म्हणजे नेमकं करतेस काय गं? म्हणाली, "शिवणच आहे, आई. कुठे उसवलंय ते सापडलं की अर्धं काम झालं." आणि सापडलं की स्वतःशीच हळू म्हणायची, "सुटलं."

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी माझे यजमान गेले. मुलाची तिला मारहाण त्याआधीपासून होती का, मला माहीत नाही. मी माहीत करून घेतलं नाही. तिच्या डाव्या हाताची करंगळी वाकडी आहे, ती दारात चेंगरली तेव्हा यजमान होते. दार कोणी लावलं हे आम्ही दोघांनीही विचारलं नाही. त्यानंतरचं सगळं माझ्या वहीत आहे. सून बाथरूममध्ये पडली. सून जिन्यात पडली. सून स्टुलावरून पडली. सात वर्षांत माझ्या वहीत माझी सून अकरा वेळा पडली आहे. आमच्या शाळेतल्या सिस्टर सांगायच्या, वहीत खाडाखोड करायची नाही. मी आयुष्यात कधी खाडाखोड केली नाही. खोटं मात्र सुवाच्य अक्षरात लिहिलं.

रविवारी, नऊ तारखेला, मुलगा त्याच्या लॅपटॉपवर गेम खेळत बसला होता. त्याचा लॅपटॉप म्हणजे साडेतीन किलोचं धूड, चार्जर विटेएवढा. तो हरला. हिच्या कामामुळे इंटरनेट अडकलं, म्हणून हरलो, असं म्हणत तो आत गेला. तिचा लॅपटॉप उचलला आणि टेबलाच्या कडेवर आपटत राहिला, पडदा आणि कळांचा भाग वेगळे होईपर्यंत. तिने धरून ठेवायचा प्रयत्न केला तेव्हा तिचं उजवं मनगट पिरगाळलं. मग तुटलेला पडदा तिच्या खांद्यावर मारला, एकदा, दोनदा, कडेने. काचेचे कण तिच्या केसांत गेले. तो आवाज ऐकून मी टीव्ही बंद केला. याआधी मी तो मोठा करायची.

त्या संध्याकाळी मी वहीत लिहिलं, मुलाने सुनेला मारलं. लिहून झाल्यावर तिच्या केसांतल्या काचा काढायला बसले.

"तू बहिणीकडे का जात नाहीस?" मी विचारलं.

"काय घेऊन जाऊ?" ती म्हणाली. "कंपनी कामाचे पैसे देते, मशीन आपलं आपण आणायचं. पुढच्या सोमवारपर्यंत मी कामावर दिसले नाही तर माझी जागा दुसऱ्याला जाईल. मग बहिणीच्या घरी काय, तिच्या गळ्यात पडून राहू? मशीन असेल तर जाईन, आई. नाहीतर इथेच बरी."

इथेच बरी, हे तिने माझ्या घरात, माझ्यासमोर म्हटलं. बुधवारी मी तिला बाजारात घेऊन गेले. पैसे माझे होते.

तिने कागदाच्या मागच्या बाजूला यादी केली होती. सोळा जीबी रॅम, पडदा चौदा इंचांच्या वर नको, बॅटरी निदान दहा तास, कळांचा आवाज कमी. सर्वांत खाली लिहिलं होतं, 'गेम चालला पाहिजे'. ते वाचून मला राग आला. गेमनेच तर घराची वाट लावली, मी म्हणाले. तिने यादीची घडी घातली.

पहिल्या दोन दुकानांत हवं तसं मिळालं नाही. तिसऱ्या दुकानाच्या दुकानदाराने गेम हा शब्द ऐकला आणि लाल दिवे लुकलुकणारा अडीच किलोचा लॅपटॉप समोर ठेवला.

"हा घ्या ताई. रणगाडा आहे रणगाडा."

"रणगाडा घेऊन जिना उतरता येत नाही," सून म्हणाली.

"खेळता कोणता गेम?"

तिने नाव सांगितलं.

"तो होय? शेत नांगरायचं, कुंपण घालायचं? अहो, तो माझी सहा वर्षांची मुलगी खेळते."

"मग तिला चालेल असं मशीन दाखवा."

तो हसला आणि हलके लॅपटॉप काढायला लागला. मी पिशवीतून स्वयंपाकघरातला वजनकाटा काढून काउंटरवर ठेवला.

"आजी, भाजी घ्यायला आलात का?"

"खोक्यावर लिहिलेल्या वजनात चार्जर धरत नाहीत, असं ही म्हणते. बघू द्या."

थोड्या वेळाने त्यालाच त्यात गंमत वाटायला लागली. एकेक लॅपटॉप काट्यावर ठेवून तो मोठ्याने आकडे सांगत होता आणि मी लिहून घेत होते. सून प्रत्येकाचं झाकण एका हाताने उघडून पाहायची. मग डोळे मिटून डाव्या हाताने भराभर टाइप करायची आणि ऐकायची. दुकानदाराने विचारलं, आवाजाचं काय एवढं? ती पुढचा लॅपटॉप उघडायला लागली. बंद दारातून कळांचा आवाज ऐकू आला की मुलगा उठून आत जायचा, हे मला ठाऊक होतं.

शेवटी दोन उरले. एकात गेमसाठी वेगळं कार्ड होतं, वजन एक किलो चारशे. दुसऱ्यात ते कार्ड नव्हतं, वजन एक किलो एकशे ऐंशी.

"दोनशे वीस ग्रॅमचा तर फरक," दुकानदार म्हणाला. "एक कप चहा."

तिने पहिला डाव्या हातात धरून साठ आकडे मोजले. मग दुसरा धरून मोजले. मग दुसरा काखेत मारला आणि दुकानाबाहेरच्या जिन्याने खाली गेली. वर आली. पुन्हा खाली गेली.

"ताई, बिल व्हायचंय अजून," दुकानदार मागून ओरडला.

"पळून जायची तालीम करतेय," ती वर येत म्हणाली. दुकानदार पोट धरून हसला. आम्ही दोघी हसलो नाही.

मग तिने त्या हलक्या लॅपटॉपवर दुकानाच्या वायफायने गेम उतरवून घेतला आणि सुरू केला. चालला. पंख्याचा आवाजही आला नाही. पडद्यावर हिरवं शेत दिसलं, दगडी भिंत, एक विहीर. विहिरीपाशी लाकडी पाटी होती. पाटीवर लिहिलं होतं, 'ताई जिवंत आहेस का? रविवारपासून रोज येऊन बघते आहे.'

सुनेचा फोन मुलगा रोज संध्याकाळी तपासायचा. कोणाला फोन केला, कोणाचा निरोप आला, सगळं. शेतातल्या पाट्या वाचायचं त्याच्या डोक्यात कधी आलं नाही. असले बायकांचे खेळ तो बघत नसे. दोघी बहिणी तीन वर्षं त्या शेतात एकमेकींशी बोलत होत्या, आणि मी मघाशी तिच्यावर रागावले होते.

तिने शेजारी दुसरी पाटी रोवली. 'आहे. मनगट गेलंय. शुक्रवारी अकराला ये. तो नऊला जातो.'

दुकानदार बिल करत होता. तेवढ्यात शेतात लाल टोपीचं एक बाहुलं धावत आलं, पाटीपाशी थांबलं आणि जागच्या जागी उड्या मारायला लागलं.

"ही उड्या का मारतेय?" मी विचारलं.

"गेममध्ये रडायचं बटण नाही, आई."

घरी येऊन मी सगळं वहीत लिहिलं. बावन्न वर्षांची सवय, दिवसभरात झालं ते आणि पुढे होणार ते. रविवारपासून ठरवलं होतं की आता खरं तेच लिहायचं. पण ही वही माझी एकटीची नाही हे मी विसरले. गॅस कधी घेतला, विम्याची तारीख कोणती, हे घरात कोणालाही पाहायचं असलं की तो फ्रिजवरची वही काढतो. सात वर्षं खोटं लिहिलं तेव्हा कोणाचं काही बिघडलं नाही. खरं लिहिलं आणि मुलाच्या हातात दिलं.

शुक्रवारी नऊच्या सुमारास पाण्याचा पंप बंद पडला, म्हणून मुलगा कामावर गेला नाही. दीड-दोन तास खटपट करून त्याने पंपवाल्याला फोन लावला. पंपवाल्याने विचारलं, मागची दुरुस्ती कधीची, गॅरंटीत आहे का? "थांब, आईच्या वहीत असेल," असं तो म्हणाला ते मी गॅलरीत कपडे वाळत घालताना ऐकलं. काय लिहिलं आहे ते आठवायलाच मला एक क्षण लागला. खाली पाहिलं तर एक पांढरी गाडी फाटकाशी वळत होती. अकराला दहा कमी.

मी आत येईपर्यंत तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून मोठ्याने वाचत होता. "एक किलो एकशे ऐंशी ग्रॅम. चार्जर वेगळा. वा. आईचं अक्षर कसं मोत्यासारखं." सून ओट्यापाशी होती. त्याने वही फेकली, तिचे केस धरले आणि तिचं कपाळ कपाटाच्या मुठीवर आपटलं. परत आपटलं. भुवई फाटून रक्त डोळ्यात उतरलं.

"बहिणीबरोबर जाणार का? कोणाला विचारून?"

"कोणाला विचारायचं होतं?" ती म्हणाली. त्यावर त्याने तिच्या तोंडावर मारलं.

मग त्याने पिठाचा डबा खेचला. डबा खाली पडला आणि सगळीकडे पीठ झालं. त्याने लॅपटॉप काढून हातात तोलला. "किती हलका आहे गं," तो म्हणाला आणि ओट्याच्या कडेवर आपटला. एक कोपरा चेपला. दुसऱ्यांदा हात वर नेला तेव्हा मी लोखंडी तवा दोन्ही हातांनी उचलून त्याच्या मनगटावर मारला. हाड वाजलं. ते मला अजून ऐकू येतं. याच हाताला धरून मी त्याला अक्षर गिरवायला शिकवलं होतं.

त्याने मला ढकललं. मी दाराच्या चौकटीवर आदळले आणि खांद्यापाशी काहीतरी मोडलं. लॅपटॉप पिठात पडला होता. सून तो घ्यायला वाकली तशी त्याने तिच्या बरगडीत लाथ घातली. ती आडवी झाली, पण लॅपटॉप पोटाशी धरून. त्याने पुन्हा पाय उचलला, पिठावरून घसरला आणि पाठीवर पडला. ती उठली.

"आई, चला."

"माझा खांदा मोडलाय. तू जा."

"तुम्हाला टाकून कशी जाऊ?"

"बहीण खाली आली आहे. जा म्हणते ना."

लॅपटॉप डाव्या काखेत धरून ती गेली. दोन मजल्यांच्या चव्वेचाळीस पायऱ्या मी कान देऊन मोजल्या. बेचाळीसपर्यंत ऐकू आल्या. मी दारात आडवी बसून राहिले. मुलगा उठला आणि माझ्या मांडीवर पाय देऊन बाहेर गेला, पण तोवर गाडीचं दार लागल्याचा आवाज आला होता. तो जिन्यातच बसला, मोडका हात मांडीवर घेऊन. "आई, दुखतंय गं," म्हणाला. 

पोलिसांना बहिणीने गाडीतूनच कळवलं होतं. त्यांनी आम्हा दोघांना एकाच गाडीतून दवाखान्यात नेलं, मुलगा पुढे, मी मागे. माझं गळपट्टीचं हाड मोडलं आहे. नंतर ठाण्यात कागद पुढे ओढून हवालदार म्हणाला, "आजी, पडलात, असं लिहू का? घरातलं प्रकरण आहे. पोटचा मुलगा आहे."

"पडले नाही. मुलाने ढकललं. त्याआधी त्याने सुनेला मारलं, सात वर्षं मारतो आहे. मी त्याला तव्याने मारलं, तेही लिहा."

"तुमच्यावर येईल ते."

"येऊ दे. खाली तारीख घाला."

मुलगा रात्रभर ठाण्यातच राहणार आहे, उद्याचं उद्या. पावणेपाचला सुनेचा फोन आला, बहिणीच्या घरून. भुवईला पाच टाके, दोन बरगड्या. लॅपटॉपमध्ये पीठ गेलं होतं. तिने मागचं झाकण उघडून मऊ ब्रशने सगळं झटकलं आणि सुरू केला. एक कळ दाबताना अडकते, पण तेवढंच. सोमवारी कामावर हजर होते, असं तिने कंपनीला कळवून टाकलं.

"आई, तिथे एकट्या कशा राहाल?"

"राहीन. तू आता झोप."

"सगळे स्क्रू मिळाले," ती म्हणाली. "दहाच्या दहा."

संध्याकाळी जमिनीवरचं पीठ एका हाताने जमेल तेवढं भरलं आणि वही उघडली. शुक्रवार, १४ मार्च. साडेपाचला कुलूपवाला येऊन बाहेरच्या दाराचं कुलूप बदलून गेला. किल्ल्या दोन.