मी न बसवलेला ब्रेक

आधीच सांगून टाकतो, म्हणजे खाली कमेंटमध्ये कोणी शिकवायला येऊ नये... मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. इथले अनुभव मी वर्षानुवर्षं वाचतोय, पण खरं सांगायचं तर टिंगल करायला. परभणीत वसमत रोडवरच्या एका टू-व्हीलर शोरूममध्ये सतरा वर्षं काढली. आधी मेकॅनिक होतो, आता सर्व्हिसचा सुपरवायझर आहे. नवी गाडी नेताना लोक चाकाखाली लिंबू ठेवतात, हँडलला काळा दोरा बांधतात. मी हसून म्हणायचो, "काका, ब्रेकला लिंबू लागत नाही, ऑइल लागतं. ते तेवढं वेळेवर बदला." हात लावून बघता येत नाही ते नसतंच, एवढं सोपं होतं माझं.

गेल्या वर्षी सोयाबीन निघून गेल्यावरच्या दिवसांतली ही गोष्ट.

कंपनीने एका मॉडेलच्या ठरावीक गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. रिकॉल म्हणतात त्याला. पुढच्या डिस्क ब्रेकची हँडलवर एक छोटी डबी असते, तिच्यात ब्रेकचं ऑइल असतं. त्या लॉटमध्ये डबीच्या आतलं रबर खराब निघालं होतं. म्हणजे ब्रेक रोज व्यवस्थित लागणार, आणि एखाद्या दिवशी दाबला की लिव्हर सरळ मुठीला येऊन टेकणार. न सांगता, न कुरकुरता! आम्ही नवी डबी फुकट बसवून द्यायची आणि जुनीला गाडीच्या चेसिस नंबरची चिठ्ठी बांधून कंपनीकडे पाठवायची. अर्ध्या तासाचं काम. बोल्ट नीट आवळले की त्यावर रंगाची एक रेघ ओढायची पद्धत आहे, म्हणजे काम झालेलं लांबूनही कळतं. शोरूमचा मार्कर सुकला होता, म्हणून मी बायकोची जांभळी नेलपॉलिश आणून ठेवली होती. त्यावरून सगळ्यांनी माझी यथेच्छ चेष्टा केली. पण सांगायचा मुद्दा हा, की अशी खूण करणारा दुसरा माणूस अख्ख्या जिल्ह्यात नसावा.

फुकट असूनही लोक येत नाहीत. एकजण मला म्हणाला, "फुकट हाय म्हंजी कायतरी गडबड हाय." दुसऱ्याने गाडी कधीच विकली होती, नाव मात्र त्याचंच. आणि आमच्याकडे लग्नात गाडी देतो सासरा. त्यामुळे कागद सासऱ्याच्या नावावर, फोन नंबर सासऱ्याचा, आणि गाडी पळवतो जावई, तीही दुसऱ्या तालुक्यात. शोधायचं कुठे?

असं करता करता शेवटी सात गाड्या राहिल्या. वरून रोज फोन... "पेंडिंग झीरो पाहिजे." मग एका दुपारी डबा खाता खाता मी कॉम्प्युटरवर बसलो आणि सातही गाड्यांपुढे 'काम पूर्ण' टाकून मोकळा झालो. सात नव्या डब्या माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवल्या. गाड्या कधीतरी सर्व्हिसिंगला येतीलच, तेव्हा बसवू. सगळीकडे असंच चालतं, असं मी स्वतःला सांगितलं. हे लिहिताना मला लाज वाटते, पण लपवलं तर पुढचं काही कळणार नाही.

त्या सातांत एक गाडी होती सोनपेठच्या नामदेवरावांच्या नावावर. त्यांना मी आधी फोन केला होता.

"गाडी माझी न्हाई, जावयाची हाय. ताडकळसला."

"मग जावयांचा नंबर द्या ना."

"माझ्या तोंडून त्येचा नंबर निघनार न्हाई."

कारण काय, तर नातवाच्या जावळाला ताडकळसला सगळ्या पाहुण्यांना टॉवेल-टोपी केली, आणि पोरीच्या बापालाच विसरले. पंगतीतून उठून आले होते म्हणे. तेव्हापासून बोलणं बंद. "गाडी बी आमीच द्यायची, अन् आता ब्रेक बी आमीच द्यायचा का?" मी म्हटलं, निरोप तरी द्या, जिवाशी खेळ आहे. "देतो, देतो," म्हणाले. त्या 'देतो'त काही दम नव्हता, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

'काम पूर्ण' टाकल्याला आठ दिवस झाले असतील. सकाळी दहाला काउंटरसमोर एक साठीचा माणूस उभा. धोतर, टोपी, हातात पिशवी.

"साहेब, वळखलं का? सोनपेठचा नामदेव. म्या त्यो निरोप दिलाच न्हाई."

काल संध्याकाळी त्यांच्या लेकीचा, अश्विनीचा, आईला फोन आला होता. आज दुपारी नवरा-बायको लेकराला घेऊन गाडीवर सोनपेठला येणार. अचानक का, ते काही सांगितलं नाही. "सकाळधरनं फोन लावायलोय, लेकीचा लागंना. जावयानं तर माझा नंबरच ब्लॉकमदी टाकलाय. रातभर डोळ्याला डोळा न्हाई, साहेब. टोपीपायी म्या लेकीचा जीव..."

त्यांनी फक्त निरोप दिला नव्हता. मी तर लिहून दिलं होतं की ब्रेक नवा आहे! उद्या ती तिघं कुठे पडली असती तर माझा कागद म्हणाला असता, चूक चालवणाऱ्याची.

ड्रॉवर उघडला, हाताला लागली ती एक डबी पिशवीत टाकली आणि नामदेवरावांना मागे बसवून निघालो. सबंध रस्ताभर त्यांनी माझा खांदा असा आवळून धरला होता की दुसऱ्या दिवशी वळ दिसत होते. समोरून मोटारसायकल आली की विचारायचे, "त्येच हायेत का?" आणि ती जवळून गेली की पुन्हा मान उंचावून पुढे बघायचे.

ताडकळसला पोचलो तर गाडी अंगणातच उभी होती. जावई, गजानन, सीट पुसत होता. अश्विनी लेकराला टोपडं बांधत होती. मी अक्षरशः पळत जाऊन गाडीची चावी काढून घेतली. म्हटलं आता हा माणूस माझ्या अंगावर येणार. पण गजानन आला तो सासऱ्याच्या पाया पडायला.

"मामा, आमीच यायलो होतो की तुमच्याकडं." मग माझ्याकडे बघून हसला. "अन् साहेब, तुमी परत? कायतरी राह्यलं का त्या दिशी?"

परत??

मी त्याआधी आयुष्यात त्या घरी गेलो नव्हतो. मी हँडलकडे बघितलं. डबी नवी कोरी होती. दोन्ही बोल्टांवर जांभळी रेघ होती. ब्रश उचलताना माझा हात जरा हलतो, त्यामुळे रेघेला शेवटी बारीक शेपटी येते... ती शेपटीसुद्धा होती. मी लिव्हर दाबली, एकदा, दहादा. दगडासारखी घट्ट. मी तिथंच ओट्यावर बसलो.

"कोण आलं होतं?" मी विचारलं.

"असं काय करताव?" गजाननची आई म्हणाली. "बाजाराच्या दिशी, दुपारच्याला तुमीच तर आल्ते. सोनपेठकरांनी पाठवलंय म्हनले, पोरीच्या गाडीचा ब्रेक बगाय. भाकर खा म्हनलं तर नगं म्हनले. पानी तेवडं पिले. लेकराचं नाव पुसलं." मग माझं तोंड नीट न्याहाळून म्हणाली, "त्या दिशी डोळ्याला चष्मा न्हवता तेवडा."

चष्म्याशिवाय मला बोल्ट सोडा, पानाही दिसत नाही.

गजानन मान खाली घालून म्हणाला, "लय लाज वाटली, मामा. जावळात आमी तुमाला इसरलो. अन् तुमी रुसलेले असून बी मानूस पाठवून लेकीच्या गाडीचा ब्रेक बदलायलाव. म्हनून मी म्हनलं, आपन जाऊन माफी मागू."

नामदेवरावांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे. तोवर गजाननच्या आईने पाट मांडला, कुंकवाचं ताट आणलं आणि नामदेवरावांना टॉवेल-टोपी केली. मलाही केली! मी नको नको म्हणत होतो तर म्हणाली, "तुमच्यामुळंच तर घर जुळलं." नामदेवराव टोपी घालून बसले आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. अश्विनी बापाच्या पाठीवरून हात फिरवत होती. तिला वाटलं आनंदाचं आहे.

परतताना परभणीच्या स्टँडवर उतरल्यावर त्यांनी विचारलं, "खरं सांगा साहेब, गेल्ते का तुमी?"

"नाही हो."

"म्या बी पाठवलं न्हाई." त्यांनी डोक्यावरची नवी टोपी काढली, उलटसुलट करून बघितली. "मंग ही कोनाची?" टोपी घडी करून पिशवीत ठेवली आणि एसटीत चढले.

शोरूमला येऊन ड्रॉवर उघडला. आत पाच डब्या, माझ्या पिशवीत एक. सातवी नव्हती. जुन्या डब्यांचं खोकं उपसलं, तर सगळ्यात खाली एक डबी, तिला ताडकळसच्या गाडीच्या चेसिस नंबरची चिठ्ठी. अक्षर माझं. ती चिठ्ठी लिहिल्याचं मला आठवत नाही, आजही आठवत नाही.

मग रफीकभाईला बोलावलं. आमचा जुना मेकॅनिक, माझ्याहून पक्का नास्तिक. दोघांनी मिळून त्या बाजारच्या दिवसाचं शोरूमच्या कॅमेऱ्यातलं रेकॉर्डिंग काढलं. दुपारी दोन वाजता मी कॉम्प्युटरपुढे बसलोय. शेजारी डबा उघडा. अडीच वाजता पण तिथेच, तीन वाजता पण. ती नेमकी तीच दुपार होती, ज्या दुपारी मी बसून सात गाड्यांपुढे 'काम पूर्ण' टाकलं.

रफीकभाईने दोनदा मागे नेऊन बघितलं. वेड लागलंय का म्हणाला. मग म्हणाला, "भाई, एक गाडी कोनीतरी केली. बाकीच्या सहा?"

चमत्काराच्या नादात मी त्या सहा विसरूनच गेलो होतो!

दुसऱ्या दिवशी मालकांना सगळं लिहून दिलं, सहा डब्या घेतल्या आणि निघालो. ज्यांचे फोन लागत नव्हते त्यांच्या गावात जाऊन, पारावर विचारून गाड्या शोधल्या. असं करता येतं, फक्त आधी केलं नव्हतं. पाच गाड्या सापडल्या. चौथीची लिव्हर मी नुसती तपासायला दाबली आणि ती सरळ मुठीला येऊन टेकली. गाडी स्टँडवर उभी होती म्हणून निभावलं. एकाही गाडीवर जांभळी रेघ नव्हती. मी प्रत्येक ठिकाणी आधी तेच बघत होतो, कुणी येऊन गेलंय का.

सहावी पेडगावची. मारोती नावाचा माणूस, मेंढरं राखणारं घर. गाडी गोठ्यात पडलेली, पुढचं चाक वाकडं. मारोती बाजेवर, मांडीत रॉड. सहा दिवसांपूर्वी, म्हणजे मी 'काम पूर्ण' टाकल्यानंतर, वळणावर म्हशी आडव्या आल्या होत्या.

"बिरेक दाबला, साहेब. हाताला कायबी लागलंच न्हाई."

आधी प्यायचा म्हणे. मुलीच्या डोक्यावर हात ठेवून सोडली, त्याला दोन वर्षं झाली. पण नाल्यात पडलेला दिसल्यावर सगळं गाव म्हणालं, पुन्हा सुरू झालं. त्याची बायको चहा घेऊन आली, कप खाली ठेवला आणि त्याच्याकडे न बघता आत गेली. पडल्यापासून ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती.

मी गोठ्यात जाऊन वाकलेल्या गाडीची लिव्हर दाबली. मुठीला टेकली. बाहेर येऊन बाजेशेजारी जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं. रबर, यादी, कॉम्प्युटर, माझा डबा. तो शिव्या देईल, काठी फेकून मारेल, काहीही करेल, मी तयार होतो. त्याने फक्त सगळं ऐकून घेतलं. मग कोपरावर उठून घराकडे तोंड करून ओरडला, "ऐकलंस का गं? म्या पेलेलो न्हवतो!"

ती पिठाच्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. तिथंच चौकटीला टेकून खाली बसली आणि पदर तोंडाला लावला. मीही रडलो, लपवत नाही.

यावर तुम्ही काय ते म्हणा. झोपेत चालतो म्हणाल, तर दुपार होती आणि कॅमेरा आहे. कोणी माझं सोंग घेतलं म्हणाल, तर कशासाठी? आणि आलाच होता, तर एकाच दारात का? ताडकळसला माझ्या रूपात कोण गेलं, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. पेडगावला मी जायला हवं होतं आणि मी गेलो नाही, तेवढं मात्र मला ठाऊक आहे.