हात लावायचं सिमेंट

मेहरूण गावात आमच्या शेजारचे नाना दूरच्या अणुकेंद्रात नोकरीला होते. किरणोत्सारी कचरा सिमेंटात कालवून पिंपांत कायमचा पक्का करायचा, तोही जाड भिंतीआडून, यंत्राच्या हातांनी, हे त्यांचं काम. सुट्टीत घरी आले की गल्लीतल्या ओल्या सिमेंटापासूनही ते हात पाठीमागे बांधून लांब उभे राहत. आम्हाला तो तोरा वाटायचा.

सरकारी परमिटवर मोजकंच मिळालेल्या सिमेंटाचा आमचा ओटा झाला, तेव्हा माझ्या मुलीने त्यात पंजा उमटवला. नाना बराच वेळ बघत राहिले. मग वाकून त्यांनी शेजारी आपला हात टेकवला.

"याले हात लावता येस, भाऊ," एवढंच म्हणाले.

नाना गेले. त्यांनी जन्मभर कालवलेल्या सिमेंटाजवळ कुणी फिरकायचं नसतं. ओट्यावरच्या त्यांच्या पंजात मात्र माझी नात येता-जाता आपली बोटं बसवून बघते.