वाफेविना नऊ दिवस

माझी आत्या इस्पितळाच्या इस्त्रीखात्यात सव्वीस वर्षं होती. तळघरातली लांबलचक खोली, एका भिंतीला चादरी गिळणारा मोठा रोलर आणि समोर ओळीनं वाफेच्या चार इस्त्र्या. कोपऱ्यातली इस्त्री आत्याची. शस्त्रक्रियेचे गाऊन आणि नर्सबाईंच्या कॉलरी तिनं कधी दुसऱ्या हातात जाऊ दिल्या नाहीत. खात्यातल्या बायका तिला ‘कडक’ म्हणायच्या. कपड्यांवरून म्हणायच्या की स्वभावावरून, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

आत्याच्या दोन्ही गालांवर वांगाचे डाग होते. धाकट्या मुलाच्या वेळी आले ते गेलेच नाहीत आणि वाफेच्या धगीनं वर्षागणिक गडद होत गेले. घरात कुणी त्यांचा विषय काढत नसे. आत्या आरशात बघायची ती फक्त भांग सरळ आहे की नाही एवढंच.

मग इस्पितळात नवी ओळखपत्रं करायची टूम निघाली. फोटो काढणारा म्हणाला, “बाई, गालावर सावली पडतेय. जरा उजेडाकडे वळा.” आत्या वळली. “अजून थोडं.” आत्या अजून वळली. तिसऱ्यांदा त्यानं दिवा हलवायला घेतला तेव्हा ती म्हणाली, “सावली नाही रे बाबा. माझा गालच आहे तो. काढ फोटो.”

त्या दिवशी ती घरी आली ती गप्पच. आत्याचे यजमान, म्हणजे आमचे काका, रंगारी. भिंतींशी बोलायची सवय, त्यामुळे माणूस गप्प बसलं की त्यांना चटकन कळायचं. चहा पुढे ठेवून ते म्हणाले, “काय झालं?” तिनं सांगितलं. काका हसले नाहीत. नुसतं म्हणाले, “तुमच्याच इस्पितळात त्वचेच्या डॉक्टर आहेत ना? त्यांचा कोट तू रोज इस्त्री करतेस. एकदा स्वतःचा चेहराही दाखव.”

डॉक्टर तरुण होत्या आणि स्पष्ट बोलणाऱ्या. “मावशी, आधीच सांगते, वांग पुसला जात नाही, फिका होतो. ऊन आणि धग मिळाली की परत डोकं वर काढतो.” आधी तीन महिने त्यांनी रात्री लावायचं मलम दिलं आणि दिवसा उन्हापासून बचाव करणारं क्रीम. मग एका सोमवारी केमिकल पील करायचं ठरलं. म्हणजे चेहऱ्याला एक औषध लावायचं, त्यानं वरची डागाळलेली कातडी सुटते आणि खालून नवी येते.

मी आत्याबरोबर गेले होते. औषध लावताना तिनं खुर्चीचे हात घट्ट धरले. “झोंबतंय का?” डॉक्टरांनी विचारलं. “झोंबू दे. इस्त्रीनं याहून जास्त भाजलंय.” पण डोळ्यांतून पाणी येत होतं आणि डॉक्टर पंख्यानं वारा घालत होत्या.

काम सोपं होतं, खरी परीक्षा पुढे होती. डॉक्टरांनी एक कागद दिला आणि तोंडीही बजावलं. गार पाण्यानं हलक्या हातानं तोंड धुवायचं, पुसायचं नाही, नुसतं टिपायचं. मलम जाडसर लावायचं. ऊन नको, वाफ नको, गॅससमोर उभं राहणं नको. खाज आली तरी खाजवायचं नाही. “आणि सुटलेली कातडी ओढायची नाही. ती आपली आपण पडेल. पू, फोड किंवा ताप आला तर थेट इथे या.” आत्यानं कागदाची चार बरोबर घड्या घातल्या आणि पर्समध्ये ठेवला.

काकांनी नऊ दिवस सुट्टी घेतली. एका शाळेच्या भिंती अर्ध्या रंगवून सोडल्या. स्वयंपाकघराच्या दाराशी स्टूल टाकून आत्याला तिथे बसवलं आणि स्वतः गॅसपाशी उभे राहिले. भात एक दिवस चिखल व्हायचा, दुसऱ्या दिवशी खडे. आत्या दारातून हुकूम सोडायची, “झाकण काढू नका! ... आता काढा! ... अहो, आता कशाला काढलंत?”

मलम लावायची पाळी आली तेव्हा पहिल्याच दिवशी भांडण. आत्या सवयीनं दाबून लावायची, घडी बसवल्यासारखी. काकांनी तिचा हात धरला.

“तुझा हात इस्त्रीचा. इथे चालायचा नाही. मला दे.”

“तुम्हाला काय कळतंय?”

“तीस वर्षं शेवटचा हात मीच देतोय भिंतींना. कुठे रेघ दिसलीय?”

तिनं डब्बी दिली. काकांनी नखं कापली, हात दोनदा धुतले आणि एका बोटानं कपाळापासून हनुवटीपर्यंत मलम लावलं. इतकं हलकं की आत्याला विचारावं लागलं, “लावताय की नाही?” लग्नाला चौतीस वर्षं झाली होती. भाचीसमोर नवरा गालाला हात लावतोय म्हणून ती इतकी अवघडली, की मी उगाच पाणी प्यायला उठले.

तिसऱ्या दिवशी चेहरा तांबूस तपकिरी आणि ताणलेला झाला. डाग आधीपेक्षा काळे दिसायला लागले. “हे काय होऊन बसलं!” आत्या घाबरली. मी डॉक्टरांना फोन लावला. त्या म्हणाल्या, असंच होतं, पडायच्या आधी गडद दिसतं. चौथ्या दिवशी तोंडाभोवती पोपडे सुटू लागले. काका कौतुकानं बघत म्हणाले, “जन्मभर पोपडे खरवडले. खरवडायचं नाही असं हे पहिलंच काम.”

पाचव्या दिवशी घोटाळा झाला. काका दुपारी भाजी आणायला गेले होते. आत्याच्या डाव्या जबड्यापाशी एक तुकडा अर्धा सुटून लोंबत होता. कपड्याला लोंबता दोरा दिसला की आत्याचा हात आपोआप जायचा. तसाच गेला. तिनं ओढलं. सुटलेलं सुटलं आणि न सुटलेलंही बरोबर आलं. शर्टाच्या बटणाएवढी जागा लालभडक होऊन पाझरायला लागली.

तिनं त्यावर मलमाचा थर थापला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. संध्याकाळी काका मलम लावायला बसले. त्यांचं बोट जबड्यापाशी थांबलं.

“इथे इतकं जाड मी लावलं नव्हतं.”

आत्यानं डोळे मिटून घेतले.

“ओढलंस?”

“हो. आता रागवा ना.”

“रागवून कातडी परत चिकटणारे का?” काका उठले. “छत्री घे, स्कार्फ घे. जाऊन दाखवून येऊ.”

डॉक्टरांसमोर मात्र आत्यानं खोटं बोलून पाहिलं. “आपोआप निघालं.” डॉक्टरांनी भिंग डोळ्याला लावलं. “मावशी, आपोआप निघालेलं असं दिसत नाही.” आत्यानं मान खाली घातली, शाळकरी मुलीसारखी. डॉक्टरांनी जखम साफ करून वेगळं मलम दिलं आणि सांगितलं, की इथे काही महिने काळा ठिपका राहील आणि उन्हापासून जपलं तर जाईल. बाहेर पडताना आत्या काकांना म्हणाली, “तुम्ही त्यांना सांगितलं नाहीत.” काका म्हणाले, “मला विचारलं कुणी?”

उरलेले चार दिवस आत्या हातात मोजे घालून बसली. काकांचेच लोकरीचे मोजे होते आणि त्या मोज्यांनी तिला फोनही उचलता येत नव्हता. खाज सुटली की काका गार पाण्यात भिजवून पिळलेला रुमाल तिच्या गालावर अलगद ठेवायचे. नवव्या दिवशी शेवटचा पोपडा कपाळावरून पडला, तोही वरणाच्या वाटीत. दोघं इतकी हसली की शेजारीण बघायला आली.

नवी कातडी गुलाबी आणि नाजूक होती. महिनाभर वाफ बंद, अशी चिठ्ठी डॉक्टरांनी दिल्यामुळे आत्याला घड्या घालायच्या टेबलावर बसवलं. तिची इस्त्री खात्यातल्या दुसऱ्या बाईकडे गेली. पहिले दोन दिवस ती लांबून कॉलरींकडे बघून सुस्कारे टाकत होती. तिसऱ्या दिवशी उठून त्या बाईच्या मागे उभी राहिली. चार हात लांब, स्कार्फ नाकापर्यंत. “आधी टोकाकडून आत. मधूनच सुरुवात केलीस की चुणी पडते.” सव्वीस वर्षांत तिनं हे कुणाला शिकवलं नव्हतं.

डाग निम्म्याहून जास्त फिके झाले. जबड्यावरचं बटण जायला मात्र पाच महिने लागले. पुढच्या उन्हाळ्यात वांगानं पुन्हा थोडं डोकं वर काढलंच, डॉक्टर म्हणाल्या होत्या तसं. दुसऱ्यांदा पील केलं का? केलं. या खेपेला आत्यानं डॉक्टरांचा कागद स्वतः घेतलाच नाही. काकांना बरोबर आत नेलं आणि म्हणाली, “यांना सांगा. मी यांचं ऐकते.”

काका खुर्चीत सावरून बसले आणि खिशातून पेन काढलं.