तांदळातला देव

आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांत, देवाच्या येण्याची वाट पाहायची असते. मी त्याला घरातून घालवून दिलं.

पन्नास-पंचावन्न सालची गोष्ट. अंबरनाथला मी कारखान्यात फिटर होतो, आणि आमच्या छोट्या चर्चमधली गव्हाणी, म्हणजे येशूजन्माचा देखावा, सजवायचं काम माझ्याकडे होतं. (मागून घेतलेलं!) मारिया, योसेफ, मेंढरं आधीच मांडतात, बाळ येशू मात्र नाताळच्या आदल्या संध्याकाळीच ठेवायचा. तोवर ती वीतभर मूर्ती आमच्या घरी. आमच्या दोन मुली तिला बाहुलीसारखी रोज न्हाऊ घालू लागल्या, तिचा रंग उडू लागला. म्हणून मी ती रेशनच्या तांदळाच्या डब्यात खोल पुरली आणि कोणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही! गुपित म्हणजे गुपित.

चोवीस तारखेला सकाळी डब्यात हात घातला तो थेट तळाला लागला.

"अगं मार्था, तांदूळ कुठाय?"

"किडे झाले होते. काल मोळीवाल्या सकरूबाईच्या टोपलीत ओतला सगळा. म्हणाली, कोंबड्यांना होईल."

"आणि ओतताना बघितलं नाहीस?"

"तोंड फिरवून ओतला. किडे बघवतात का?"

"अगं, त्यात देव होता!"

मार्थाने लाटणं खाली ठेवलं. "अहो, देवाला ठेवायला दुसरी जागा नव्हती?"

संध्याकाळी कल्याणहून फादर येणार, चर्चभर माणसं, आणि गव्हाणी रिकामी! मार्थाला घेऊन मी स्टेशन गाठलं. दोघं बदलापूरला उतरलो आणि डोंगराखालच्या सकरूबाईच्या वाडीकडे निघालो. वाटभर मी देवाचा धावा करत होतो. (ज्याला हरवलं त्यालाच हाका!)

सकरूबाईच्या पडवीत शेळी रवंथ करत होती. तिच्या शेजारी सुपात, भाताच्या पेंढ्यावर, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला बाळ येशू निजला होता. मी बघतच राहिलो. तीन आठवडे मी अशीच गव्हाणी करायला धडपडत होतो: रंगीत कागद, आरसा, वर कापसाचा बर्फ! (अंबरनाथला!) इथे कोणी काहीच सजवलं नव्हतं, आणि माझे डोळे भरून आले. मी हात जोडले.

"तुझा हाय का ह्यो पोर?" सकरूबाईने विचारलं.

"हो... म्हणजे, आमचा."

"दादा, पोराला कोनी तांदळात गाडतं व्हय? किडं चावलं असतं ना!"

"चुकलं, बाई."

"ने मग. पन लुगडं काढू नको. थंडी हाय."

संध्याकाळी बाळ येशू लुगड्यासकट गव्हाणीत निजला. कापसाचा बर्फ मी आधीच काढून टाकला होता. फादर खूश झाले. "पाहा," ते सगळ्यांना म्हणाले, "देवाला शोधायला लांब जावं लागत नाही. तो आपल्या घरातच असतो."

बायकांच्या बाजूने मार्थाचा आवाज आला. (हळू बोलणं तिला कधी जमलंच नाही!)

"आमचे हे पुरून ठेवत नसतील तर!"