शनिवारचा रिपोर्ट

"जरा वाच गं. फार लांब झालंय का?"

असं म्हणत ते फोन पुढे करायचे. लिफ्टमध्ये, जिन्यात, एकदा तर मी तळघरातल्या मशीनमधून ओल्या चादरी काढत होते तेव्हासुद्धा. मी हात पुसून वाचायचे. इंग्रजीतल्या पाच-सहा ओळी असायच्या. ठीक आहे काका, पाठवा, असं मी म्हटलं तरी ते एक ओळ खोडायचेच. लांब मेसेज तो वाचत नाही, म्हणायचे.

तो म्हणजे त्यांचा मुलगा. अमेरिकेत, आईजवळ.

जर्मनीत ब्योब्लिंगेनला आम्ही राहायला आलो तेव्हा आमच्या खालच्या मजल्यावर एक मराठी गृहस्थ एकटेच राहतात असं कळलं, आणि पंधरा दिवसांत ते आमच्या घरातले काका झाले. मूळचे साताऱ्याचे, पन्नाशी ओलांडलेले, इथल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत डेटाबेस सांभाळायचे. त्याआधी बरीच वर्षं अमेरिकेत होते. तिथली नोकरी गेली, तिच्याबरोबर व्हिसा गेला. बायकोची नोकरी आणि कागदपत्रं स्वतंत्र होती, ती राहिली. वर्षभरात बोलावून घेतो, असं सांगून ते जर्मनीला आले. वर्षाची दोन झाली, मग बायकोच्या वकिलांची पत्रं आली. निघाले तेव्हा मुलगा नऊ वर्षांचा होता. मी सांगतेय त्या हिवाळ्यात तो सतरा वर्षांचा होता.

असे वडील तुम्हीही पाहिले असतील. रविवारी ठरलेल्या वेळी फोन लावतात, जेवलास का, अभ्यास कसा चाललाय, असं विचारतात, आणि पलीकडून 'फाइन' एवढंच येतं. काकांचे फोन तर पुढे पुढे उचललेही जात नव्हते. मेसेजला उत्तर नाही. वाढदिवसाच्या शुभेच्छांना अंगठ्याचं चित्र.

एकदा विषय सुचेना म्हणून त्यांनी कुठेतरी वाचलेलं विचारलं. तुमच्या गावच्या कॉलेजच्या बास्केटबॉल टीमला तो टेक्ससचा उंच मुलगा मिळतोय का? दोन मिनिटांत उत्तर आलं. चार ओळींचं. शेवटी एक प्रश्नसुद्धा होता.

त्या दिवसापासून काका रिक्रूटिंगच्या, म्हणजे कॉलेजं शाळकरी खेळाडू कसे हेरतात त्याच्या, अभ्यासाला लागले.

आयुष्यात चेंडूला हात न लावलेला हा माणूस. साताऱ्याच्या शाळेत खेळाच्या तासाला कपड्यांच्या ढिगाची राखण करत बसायचो, असं स्वतःच सांगायचे. पण कुठलं कॉलेज कुठल्या शाळकरी मुलाच्या मागे आहे, त्याची उंची किती, डावा हात कसा चालतो, त्याच्या यादीत दहा कॉलेजं होती त्याची आता चार कशी झाली, हे सगळं त्यांना तोंडपाठ झालं. जेवायला आले की आम्हाला समजावून सांगायचे. माझ्या नवऱ्याने एकदा विचारलं, की एवढ्या लहान मुलांमागे एवढी मोठी माणसं का धावतात? तेव्हा काका म्हणाले, "अरे, कांदेपोह्यांचा कार्यक्रमच समज. फरक इतकाच, की पन्नास घरची माणसं एकाच मुलाला बघायला येतात, आणि पोहे मुलाच्या आईने केलेले असतात. कोचला ते आवडावेच लागतात."

आम्ही हसलो. तेही हसले. मग फोन खिशातून काढून बघितला आणि परत ठेवला.

आमची मुक्ता तेव्हा बारा वर्षांची होती आणि शेजारच्या गावातल्या क्लबमध्ये मुलींच्या टीमकडून बास्केटबॉल खेळायची. बसने पंधरा मिनिटांवर त्या क्लबची हाले, म्हणजे खेळाचं मोठं बंदिस्त सभागृह. मुक्ताला मराठी कळतं, पण उत्तर जर्मनमध्येच येतं, आणि घरी तेही एकेका शब्दाचं. काका खेळातलं काही विचारायला लागले की मात्र ती दोन वाक्यं बोलायची.

एका संध्याकाळी बेल वाजली. काका बुटांसकट आत आले. एरवी ते चपलासुद्धा दाराबाहेर नीट जोडीने लावून ठेवणारे. फोन माझ्या हातात दिला. मुलाचा मेसेज होता, आपण होऊन पाठवलेला. आमचं कॉलेज एका जर्मन मुलाच्या मागे आहे, त्याचं गाव तुमच्यापासून जवळ आहे का, एवढंच होतं त्यात. गावाचं नाव वाचून मुक्ता म्हणाली, तो तर आमच्याच क्लबचा. दोन मीटरच्या वर उंच आहे, दारातून वाकून येतो.

काका खुर्चीवर बसले. आठ वर्षांत त्याने आपण होऊन विचारलेला हा पहिला प्रश्न आहे, असं म्हणाले आणि पाणी मागितलं.

मग शनिवार सुरू झाले. आधी मुलींची मॅच असायची, मग मोठ्या मुलांची. आम्ही मुक्तासाठी जायचो, काका त्या उंच मुलासाठी. वही घेऊन बसायचे. तो किती वेळा उडाला, किती वेळा चिडला, कोचने ओरडल्यावर मान खाली घातली की वर ठेवली, सगळं टिपायचे. अमेरिकेहून कुठल्या कॉलेजचं कोण बघायला आलंय हे ते टोपीवरच्या खुणेवरून ओळखायचे. घरी येऊन त्या चार पानांच्या पाच ओळी करायचे आणि फोन माझ्यापुढे धरायचे.

उत्तरं यायला लागली. आधी दोन ओळी, मग दहा. त्या कॉलेजच्या चाहत्यांचा एक ऑनलाइन कट्टा होता, तिथे मुलगा वडिलांचे रिपोर्ट टाकायचा. माझे वडील जर्मनीत प्रत्यक्ष बघून आलेत, असं लिहून. काकांनी ती ओळ मला दाखवली, नवऱ्याला दाखवली, तळमजल्यावरच्या जर्मन आजींनासुद्धा दाखवली. आजींना इंग्रजी येत नव्हतं. त्या 'या, या, श्योन', म्हणजे हो हो, छान, म्हणाल्या.

एका शनिवारी मॅच चालू असताना मुलाचा व्हिडिओ कॉल आला. काकांनी फोन दोन्ही हातांनी डोक्यावर धरला आणि पूर्ण एक क्वार्टर, म्हणजे मॅचचा चौथा हिस्सा, तसाच धरून ठेवला. मी म्हटलं, द्या मी धरते. त्यांनी नकारार्थी मान हलवली. फोनमधून पोराचं हसणं ऐकू येत होतं. ते फोनकडे बघत नव्हते, मॅचकडेही नाही. समोरच्या भिंतीकडे बघत होते.

फेब्रुवारीत त्या उंच मुलाच्या यादीत दोनच कॉलेजं उरली. पोराचे मेसेज आता दिवसातून तीनदा यायला लागले. डॅड, तो काय ठरवतोय? त्याच्या घरचे काय म्हणतात? काहीतरी माहिती काढ ना.

इथून पुढचं सांगायला मला जड जातं.

काका मॅचशिवाय इतर दिवशीही जायला लागले. ऑफिसमधून दुपारीच निघायचे आणि सराव बघत बसायचे. सराव बंद दाराआड असला तर पार्किंगमध्ये उभे राहायचे. मी एकदा म्हटलं, काका, बरं दिसत नाही. तर म्हणाले, मी फक्त बघतो गं, कुणाला काय त्रास? एकदा बेकरीत त्या मुलाची आई दिसली म्हणून ते तिच्यामागे रांगेत उभे राहिले आणि आपल्या मोडक्या जर्मनमध्ये बोलले. काय बोलले हे मला तेव्हा माहीत नव्हतं. ती बाई पाव न घेताच बाहेर पडली एवढंच कळलं.

पुढच्या मंगळवारी मुक्ताच्या ट्रेनरने मला बाजूला घेतलं. शांतपणे विचारलं, की वहीवाले, फोनवर शूटिंग करणारे जे गृहस्थ येतात, त्यांची मुलं इथे खेळत नाहीत. तुम्ही त्यांच्याबरोबर बसता. तुम्ही त्यांना कितपत ओळखता?

मागे दोन-तीन आया उभ्या होत्या. मुक्ता बुटांच्या नाड्या बांधत होती. मला सांगता आलं असतं. ते आमच्या घरी जेवतात, मुक्ताला गणित शिकवतात, त्यांना एक मुलगा आहे आणि त्या मुलाशी बोलायचा हा एवढाच एक धागा आहे. जर्मनमध्ये हे चार वाक्यांचं काम.

मी म्हटलं, "आमच्या इमारतीत राहतात."

आठवड्याने काकांना पत्र आलं. हाउसफरबोट. म्हणजे क्लबच्या हालेत आणि आवारात पाऊल ठेवायला मनाई. ते वर घेऊन आले. त्यांना कळलं होतं सगळं, तरी म्हणाले, तू वाचून सांग, माझी काही चूक होत असेल. मी वाचून सांगितलं. अल्पवयीन खेळाडूंची सुरक्षितता, पालकांच्या तक्रारी, विनापरवाना चित्रण. ते टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत ऐकत होते.

"तू सांगितलंस ना त्यांना, मी कोण आहे ते?"

मी हो म्हटलं.

त्यांनी माझे आभार मानले. पत्राची व्यवस्थित घडी केली.

दोन दिवसांनी मी ट्रेनरकडे गेले आणि सगळं सांगितलं. झोप लागत नव्हती म्हणून गेले. ट्रेनरने ऐकून घेतलं, वाईट वाटतं म्हणाली, पण पालकांनी ठरवलंय, आता काही बदलणार नाही. मी बाहेर पडताना त्या उंच मुलाची आई माझ्यामागे आली. तिने बहुतेक ऐकलं होतं. बेकरीत काका काय बोलले ते तिने मला सांगितलं. माझा मुलगा तिथे राहतो, तुमचा मुलगा तिथे गेला तर माझा मुलगा मला फोन करत राहील. एवढंच म्हणाले, आणि हात जोडले. ती म्हणाली, गेले वर्षभर प्रत्येक जण माझ्या मुलासाठी काही ना काही द्यायला येतो. हा पहिला माणूस काहीतरी मागायला आला, आणि मी घाबरले.

त्या उंच मुलाने निर्णय जाहीर केला तो एप्रिलमधल्या एका गुरुवारी. दुपारी चारला, म्हणजे तिकडे सकाळी शाळेच्या वेळेत. कार्यक्रम त्याच हालेत होता, पंधरा मिनिटांवर. काकांनी तो आमच्या स्वयंपाकघरात लॅपटॉपवर पाहिला. इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. स्क्रीनवर मुलासमोरच्या टेबलावर दोन टोप्या मांडलेल्या होत्या, एक पोराच्या गावच्या कॉलेजची, एक दुसऱ्या कॉलेजची. मुलाने आधी आईकडे बघितलं, मग त्या दुसऱ्या कॉलेजची टोपी उचलून डोक्यावर घातली. टाळ्या वाजल्या.

काकांनी फोन उलटा टेबलावर ठेवला. थोड्या वेळाने सरळ केला. त्यांनी लिहिलं, पाहिलंस का? उत्तर आलं नाही. मी चहा केला, तो तसाच राहिला. सहा वाजता ते उठले, कप विसळून ठेवला आणि खाली गेले.

त्यानंतर त्यांनी बरेच दिवस रोज काही ना काही पाठवलं. दुसऱ्या मुलांच्या बातम्या, कुणाची उंची, कुणाची यादी. पण त्या सगळ्यांना उपलब्ध असलेल्या बातम्या होत्या, मुलाकडे त्या आधीच पोहोचलेल्या असायच्या. जूनमध्ये त्यांनी मला फोन दाखवायचं बंद केलं. मीही विचारलं नाही.

ऑगस्टमध्ये त्यांना ड्युसेलडॉर्फला नोकरी मिळाली. इथे घर सोडताना भिंती पांढऱ्या रंगवून द्याव्या लागतात. मी एक रोलर घेऊन मदतीला गेले. घर रिकामं होतं, बोललं की आवाज घुमायचा. अर्धी भिंत झाल्यावर मी त्यांना पाठमोरी राहूनच सांगितलं, की ट्रेनरने विचारलं तेव्हा मी काय उत्तर दिलं होतं.

त्यांचा रोलर थांबला नाही.

"माहीत होतं मला," ते म्हणाले. "पत्र वाचताना तू एकदाही वर बघितलं नाहीस." मग खाली वाकून रोलर रंगात बुडवला. "मुक्ता खेळते तिथे. तुला तिला सांभाळायचं होतं. मी तरी दुसरं काय करत होतो?"

मला रडू आलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, खिडकीची चौकट तेवढी राहिलीय, म्हणाले. चौकट आम्ही दोघांनी मिळून पुरी केली.

दिवाळीत मी फोन केला. ड्युसेलडॉर्फला मेथी मिळते, कोथिंबीरही बरी असते, ऑफिस नदीच्या जवळ आहे, असं सांगितलं त्यांनी. मुलाचं नाव त्यांनी काढलं नाही. विचारायची माझी हिंमत झाली नाही. मग म्हणाले, मुक्ता आहे का, दे जरा.

मुक्ता फोन घेऊन तिच्या खोलीत गेली. मला वाटलं, मिनिटाभरात परत येईल. मी करंज्या तळायला घेतल्या. पहिला घाणा झाला, दुसरा झाला. दाराआडून तिचा आवाज येत होता, भरभर, जर्मनमध्ये. शनिवारची पूर्ण मॅच ती त्यांना सांगत होती. कुणी पास दिला, तिने कुठून उडी मारली, रेफरीने काय चुकीचं दिलं. मध्येच 'गेनाऊ, काका, गेनाऊ', अगदी बरोबर, म्हणायची. इतकं ती माझ्याशी वर्षभरात बोलली नव्हती.

अर्ध्या तासाने बाहेर आली, फोन माझ्या हातात दिला आणि करंजी उचलून गेली. फोन चालूच होता. मी कानाला लावून म्हटलं, "काका?"

पलीकडे ते होते. श्वास ऐकू येत होता. मी गॅस बंद केला आणि फोन तसाच कानाशी धरून उभी राहिले.