टिंबमावशींची निरोगी नळी

टिंबमावशी निवृत्त झाल्या त्याला आता बरीच वर्षं झाली. पण कुठे जुना फ्रीज घुरघुरताना ऐकला की अजूनही त्यांना प्रयोगशाळेतली आपली ती घुरघुरत्या यंत्राची खोली आठवते. यंत्र तापायला नको म्हणून एसी कायम चालू, आणि भर उन्हाळ्यात मावशी शाल गुंडाळून बसलेल्या!

यंत्र असं, की रक्तातल्या पेशी एकीमागून एक लेसरसमोरून जायच्या आणि प्रत्येकीचं पडद्यावर एक टिंब उमटायचं. म्हणून त्या टिंबमावशी. डायबेटिसवर काम करणाऱ्या सगळ्या प्रयोगशाळांना मिळून हे एकच यंत्र, त्यामुळे पाळीवरून रोज कुरबूर. एकदा तर दोन मोठे डॉक्टर दारातच हमरीतुमरीवर आले. मावशींनी दोघांनाही बाहेर काढलं, दार लावलं आणि निवांत यंत्र धुतलं. काय दिवस होते ते!

आणि एक मान फक्त मावशींचा. आजाऱ्याचं रक्त ताडून बघायला निरोगी माणसाचं रक्त लागतं. ते कोण देणार? मावशी. हाताशीच होत्या, आणि कधी साधी शिंकसुद्धा नाही. बाही वर सरकवायची, रक्त द्यायचं, नळीवर 'निरोगी' लिहायचं. घरी त्या धाकट्या जावेला तोऱ्यात सांगायच्या, "अगं, तिथे मोठमोठ्या लोकांचं माझ्या रक्तावाचून अडतं."

"जाऊबाई, डासही तेच म्हणत असतील," जाऊ म्हणायची.

निवृत्तीला थोडाच काळ उरला होता. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी डॉक्टरांनी मावशींची साखर तपासली, तर ती भलतीच वाढलेली. "हे आजचं दुखणं नाही, निदान दोनेक वर्षांचं असेल," डॉक्टर म्हणाले. मावशींच्या पायाखालची जमीनच सरकली. त्यांचं यंत्र पेशी बघायचं, साखर नव्हे. नोकरीच्या सुरुवातीला कधीतरी एकदा तपासली होती, तेवढीच. साखरेवर संशोधन करणारी अख्खी इमारत, आणि पुन्हा तपासायचं एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. कमाल आहे की नाही?

पण मावशींना काळजी स्वतःची नव्हती. दूरच्या गावाहून शिकायला आलेली एक पोरगी होती. तिची पीएचडी संपत आली होती, आणि तिची सगळी तुलना मावशींच्याच नळीशी केलेली. सांगावं तर तिची मेहनत पाण्यात. न सांगावं तर खोटं काम तिच्या नावावर. मावशींना अन्न गोड लागेना. ऑपरेशनही त्यांनी पुढे ढकललं.

शेवटी एका दुपारी पोरगी सुई घेऊन समोर आली. "मावशी, हात द्या."

मावशींनी हात मागे घेतला. "माझं रक्त नको घेऊस. मला डायबेटिस निघालाय, तोही जुना. तुझं वाटोळं केलं बघ मी."

पोरगी मटकन स्टुलावर बसली. पडद्यावर कुणाची तरी टिंबं पडत होती, तिचं तिकडे लक्षच नव्हतं. 

"कधी कळलं?" तिने विचारलं.

"झाले बरेच दिवस."

"आणि गोळ्या?"

मावशी शाल सारखी करू लागल्या.

"मावशी, गोळ्या सुरू केल्यात ना?"

"नाही गं. तुला सांगितल्याशिवाय माझा जीवच कशात लागेना."

पोरगी ताडकन उठली. "काम मी परत करीन. जाईल एखादं वर्ष," ती म्हणाली, पण आवाज रडवेला झाला होता. "तुम्ही आधी खालच्या दवाखान्यात चला डॉक्टरांकडे. आत्ताच्या आत्ता."

यंत्र तसंच चालू ठेवून तिने मावशींचा दंड धरला आणि ती त्यांना सांभाळून जिन्यावरून खाली न्यायला लागली. अर्ध्या जिन्यात मावशींना रडू फुटलं. इतक्या वर्षांत त्या इमारतीत ज्याने त्याने त्यांचा दंड धरला होता, तो रक्त काढायलाच.